नायलॉनच्या सांगाड्याचें पिस्तूल

पिस्तूल हें यंत्र आकारानें लहान असलें, तरी त्याच्या रचनेंत फार मोठ्या जबाबदारीचा प्रश्न गुंतलेला असतो. संकटाच्या क्षणीं तें हटकून उडालें पाहिजे. आणि हातून निसटून फरशीवर आदळलें, तर मुळींच उडतां कामा नये. या दोन विरुद्ध मागण्यांचा मेळ घालण्यांत कारागिरांची बुद्धि शंभराहून अधिक वर्षें खर्ची पडली आहे. ब्राउनिंग, लुगर, वाल्थर हीं या विद्येंतील जुनीं, मान्यवर नांवें. परंतु आज देशोदेशींच्या पोलिसांच्या कमरेला जें पिस्तूल दिसतें, तें यांपैकीं कोणाच्याही कारखान्यांत जन्मास आलें नाहीं.

व्हिएन्ना शहराजवळील डॉइच-वाग्राम या गांवीं गास्टन ग्लॉक यांनीं १९६३ सालीं आपला कारखाना काढला. पडद्यांच्या दांड्या, सैनिकांच्या सुऱ्या, खंदक खणण्याचीं फावडीं असा माल तेथें निघत असे. पिस्तूल मात्र त्यांनीं कधींही बनविलें नव्हतें. १९८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यानें महायुद्धाच्या काळांतील वाल्थर पी-३८ पिस्तुलें बदलण्याचें ठरविलें आणि नव्या हत्यारासाठीं सतरा अटी घातल्या. पन्नाशींत पोंचलेल्या ग्लॉक यांनीं ही स्पर्धा अंगावर घेतली. या विषयाचें आपलें अज्ञान त्यांनीं झांकलें नाहीं. सैन्यांतील व पोलिसांतील जाणकारांना त्यांनीं एकत्र बोलाविलें आणि पिस्तुलांत काय असावें, काय नसावें, हें त्यांच्याकडून समजून घेतलें. १९८१ च्या एप्रिल महिन्यांत पेटंटसाठीं अर्ज गेला. तें ग्लॉक यांचें सतरावें पेटंट. म्हणून पिस्तुलाचें नांवही ‘ग्लॉक १७’ असें पडलें. १९८२ च्या कसोट्यांत त्यानें नामांकित कारखान्यांना मागें टाकलें. त्यांत ऑस्ट्रियांतीलच जुना स्टायर कारखानाही होता.

या पिस्तुलाचें वैशिष्ट्य म्हणजे त्याचा सांगाडा. पूर्वीं पोलादाचा ठोकळा तासून तासून सांगाडा घडवीत; त्यांत वेळ आणि धातु दोन्ही पुष्कळ खर्ची पडत. ग्लॉक यांना प्लास्टिकच्या कामाचा अनुभव होता. त्यांनीं नायलॉनच्या जातीचें चिवट प्लास्टिक वितळवून सांच्यांत घातलें आणि मूठ व सांगाडा एकसंध काढला. वरचा सरकता भाग जेथें मागेंपुढें धांवतो, तेथें पोलादाच्या पट्ट्या प्लास्टिकमध्यें रोवल्या. हा पदार्थ गंजत नाहीं, कडाक्याच्या थंडींत पोलादासारखा हाताला बोंचत नाहीं, आणि बार उडतांना किंचित् लवून धक्क्याचा कांहीं भाग स्वतः सोसतो. मॅगझिनवांचून ग्लॉक १७ चें वजन सुमारें ६२५ ग्रॅम भरतें. पी-३८ चें भरे सुमारें ८०० ग्रॅम. पी-३८ च्या मॅगझिनमध्यें आठ काडतुसें मावत, तर ग्लॉकमध्यें सतरा मावतात.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. प्लास्टिकच्या सांगाड्याची कल्पना सर्वस्वीं नवी नव्हती. हेकलर उंट कोख या जर्मन कारखान्यानें १९७० सालींच तसें पिस्तूल काढलें होतें. परंतु त्याचा चाप ओढण्यास फार जड असल्यानें त्याचा प्रसार बेताचाच झाला. नळीला कुलूप घालण्याची ग्लॉकची पद्धतही मूळ ब्राउनिंग यांचीच. जुन्या कल्पनांची नवी सांगड घालून त्यांतून थोड्या भागांचें, सुटसुटीत यंत्र उभें करणें, हें ग्लॉक यांचें खरें कर्तृत्व.

जुन्या पिस्तुलांना बहुधा बाहेर घोडा असे आणि बाजूस सुरक्षेची कळ असे. गोळी झाडण्यापूर्वीं ती कळ फिरवावी लागे, आणि घाबरलेल्या हाताला नेमकें तेंच सुचत नसे. ग्लॉक यांनीं घोडा काढून टाकला आणि कळही काढून टाकली. तिच्या जागीं तीन पहारे आंत बसविले. चापाच्या मध्यभागीं एक लहानशी जीभ असते; बोटानें ती दाबल्याखेरीज चाप हलत नाहीं. दुसरा पहारा काडतुसावर आघात करणाऱ्या सुईची वाट अडवून धरतो. तिसऱ्यामुळें ती सुई आपल्या जागेवरून सुटूं शकत नाहीं. चाप ओढूं लागतांच तिन्ही क्रमानें दूर होतात. बोट उचललें, कीं पुन्हां आपापल्या जागीं येतात.

नॉर्वेनें १९८५ सालीं आणि स्वीडननें १९८८ सालीं हें पिस्तूल स्वीकारलें. अमेरिकेंत मात्र त्याच्या आधीं त्याची अफवा पोंचली. प्लास्टिकचें पिस्तूल विमानतळावरील यंत्रांना दिसणार नाहीं, अशी भीति पसरली आणि १९८८ सालीं अदृश्य शस्त्रांविरुद्ध तेथें कायदाही झाला. वस्तुतः ग्लॉकची नळी व वरचा भाग पोलादी असून वजनाचा चार-पंचमांशाहून अधिक वांटा धातूचाच आहे. त्यामुळें त्या कायद्यानें ग्लॉकला बाध आला नाहीं.

अमेरिकन पोलिसांपाशीं त्या काळीं बहुतेक सहा गोळ्यांचें रिव्हॉल्व्हर असे. ११ एप्रिल १९८६ रोजीं मायामी येथें दोन दरोडेखोरांशीं झालेल्या चकमकींत एफ. बी. आय. चे दोन अधिकारी ठार झाले व पांच जखमी झाले. या घटनेनंतर रिव्हॉल्व्हर टाकून पिस्तूल घेण्याची चळवळ जोरावली, आणि कळ फिरविण्याचें शिक्षण लागत नसलेलें ग्लॉक अनेकांना सोयीचें वाटलें.

परंतु या सोयीचीच दुसरी बाजू पुढें उघडी पडली. रिव्हॉल्व्हरचा चाप लांब आणि जड असतो. चापावर बोट ठेवण्याची वाईट संवय त्यांत पुष्कळदां खपून जाते. ग्लॉकचा चाप सुमारें अडीच किलोच्या ताणानें सुटतो. शिवाय सफाईसाठीं पिस्तूल उघडतांना चाप ओढावाच लागतो. नळींत काडतूस राहून गेलें असल्यास बार उडतो. अशा चुकांनीं माणसें जखमी झालीं. न्यूयॉर्कमधील पोलिसांसाठीं चापाचा ताण वाढविणारी निराळी कमान काढण्यांत आली. खरा उपाय मात्र शिक्षणाचा होता : झाडण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावें, आणि उघडण्यापूर्वीं नळी रिकामी असल्याची डोळ्यांनीं खात्री करून घ्यावी.

पुढील सुधारणा बहुतेक हाताच्या सोयीच्या आहेत. १९९८ सालच्या तिसऱ्या पिढींत मुठीवर बोटांसाठीं खांचा आल्या. २०१० सालच्या चौथ्या पिढींत मुठीचा मागचा भाग हाताच्या मापानें बदलतां येऊं लागला. आणि २०१७ सालच्या पांचव्या पिढींत त्या खांचा पुन्हां गेल्या, कारण सर्वांचीं बोटें एका मापाचीं नसतात. ब्रिटिश सैन्यानें २०१३ सालीं ब्राउनिंगच्या जागीं ग्लॉक घेतलें. मूळ तीन पहारे मात्र आजतागायत तेच आहेत.

गास्टन ग्लॉक २०२३ च्या डिसेंबरांत, ९४ व्या वर्षीं निवर्तले. त्यांच्या यंत्रानें पडण्यापासून आणि धक्क्यापासून संरक्षणाची हमी आपल्याकडे घेतली. पण कळ काढून टाकतांना शेवटचा पहारा त्यांनीं माणसाच्या बोटावर सोंपविला. तेथें कोणतीही कमान कामास येत नाहीं. तो पहारा ज्या शिपायानें नीट शिकून घेतला, त्याच्याच हातीं हें पिस्तूल सुरक्षित होय.