पॅनेलच्या पाठीमागची डबी

कल्हई हा शब्द मूळचा अरबी. दुरुस्ती फारसीतून आली. मराठीने दोन्ही शब्द घरचे करून घेतले. कल्हईवाल्याची हाक आता ऐकू येत नाही, पण त्याच्याच हातचे कथील आणि डाख मी मळवलीत नव्या कामाला लागलेले पाहिले: जुन्या सौर पॅनेलच्या दुरुस्तीला.

कार्ला-भाजे परिसरात सुटीचे बंगले पुष्कळ. गच्चीवर नवी पॅनेल आली की जुनी भंगारात जातात. भंगारवाल्याला हवी असते ॲल्युमिनियमची चौकट. बाकीचे कुठे टाकावे, हे त्यालाही ठाऊक नसते. आणि आतल्या डाखात बहुधा शिसे असते.

पॅनेल म्हणजे सेलची माळ. लहान पॅनेलात 36 सेल, प्रत्येकाचा जेमतेम अर्धा व्होल्ट. पाठीमागे एक काळी डबी असते, तिच्यात वायरींची जोडणी आणि डायोड. सावलीतल्या सेलना वगळून वीज पुढे नेणे हे डायोडचे काम. मोठ्या पॅनेलात असे तीन असतात. एक शॉर्ट झाला की पॅनेलचा तिसरा हिस्सा निकामी, आणि आपण म्हणतो, पॅनेल गेले! गेलेला असतो किरकोळ किमतीचा डायोड. मावळच्या पावसात डबीत पाणी शिरून टोके गंजतात. तेही साफ करून डाख दिला की भागते.

आमचा वायरमन काम सुरू करण्याआधी पॅनेलवर जाड गोधडी टाकतो. "चाचा, उन्हाला बटण नसतं," म्हणतो.

फुटक्या काचेवर रेझिन ओतून पॅनेल पुन्हा छपरावर चढवणे मात्र मला पटत नाही. तिथे माळेत शेकडो व्होल्ट असतात. ओल शिरली तर शॉक, नाहीतर आग. असे पॅनेल पावसाळा सोडून, एकटे, 12 व्होल्टच्या दिव्यापुरते वापरावे.

1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलही आली. उत्पादकांनी हा कचरा 2034-35 पर्यंत साठवून ठेवायचा आहे. पण कचरा ठरवण्याआधी मीटर लावून कोण पाहतो? पंचवीस वर्षांनीही सुमारे 80 टक्के विजेची हमी कंपन्याच देतात. ग्रामपंचायतीने शाळेवरच्या, पथदिव्यांच्या बंद पॅनेलचे निर्लेखन करण्याआधी वायरमनला एक उन्हाची सकाळ द्यावी. नुसते व्होल्ट नकोत, अँपिअरही मोजावेत आणि दोन्ही आकडे नोंदवहीत लिहावेत.