फणसाची लेखणी

ज्यांनी लहानपणी टाकाने कित्ता गिरवला असेल, त्यांना दौत आठवते, निब आठवते, बोटांना लागलेली शाई तर हमखास आठवते. टाकाची लाकडी दांडी मात्र कोणाला विचारली तर सांगता येत नाही. वास्तविक बोटांत असायची ती दांडीच. आज मी बोलणार आहे ते तिच्याच वंशजाविषयी, म्हणजे घरच्या घरी लेथवर कातलेल्या लाकडी पेनविषयी.

लेथ हा शब्द परका असला तरी काम परके नाही. आपल्याकडे कातारी होते. पाळण्याचे खूर, लाटणी, भोवरे, बुद्धिबळाची प्यादी ते कातून देत. रेखीव चेहऱ्याला आपण ‘कातीव’ म्हणतो, तो शब्द त्यांच्याच कामातला. कातारी लाकूड फिरवतो आणि हत्यार स्थिर धरतो. सुतार नेमके उलट करतो. फरक म्हणाल तर एवढाच, आणि म्हणाल तर यातच सगळे आले.

आता माझी गोष्ट सांगतो. ती फजितीची आहे, पण तिच्यातून मला जे कळले ते सरळपणे कळले नसते.

आमच्या कोकणातल्या घराच्या परसात फणस होता. रस्ता रुंद व्हायचा म्हणून तो श्रावणात तोडावा लागला. ओंडके गेले, माझ्या वाट्याला मांडीएवढी जाड एक फांदी आली. आतला गाभा हळदीसारखा पिवळा. आक्का त्या झाडाखाली वाढलेली आणि आता नागपूरला असते. भाऊबीजेला या लाकडाचे पेन तिच्या हातात द्यायचे, असे मी ठरवून टाकले. फांदीतून पाऊण इंची चौरस असे सहाच चांगले तुकडे निघाले. त्यांतले दोन घेतले, पेन केले, चकाकी आणली, ओवाळणीच्या ताटात ठेवले. आक्काचे डोळे भरून आले. मीही खूश.

वैशाखात तिचा फोन आला. “अरे, तुझ्या पेनाला उभी भेग पडलीय. मी दोरा गुंडाळून ठेवलाय. लिहितं मात्र छान हो!”

चूक कोठे झाली? पेनाच्या पोटात पितळेची नळी असते. लाकडाच्या तुकड्याला सात मिलिमीटरचे भोक पाडायचे, ती नळी आत डकवायची आणि मग बाहेरून कातायचे. आता ओले लाकूड वाळले की आकसते. लांबीत जवळजवळ नाही, पण रुंदीत आणि घेरात चांगलेच. पितळ काही आकसत नाही. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात. ती निवताना आकसते आणि चाकाला घट्ट आवळते. येथे ती धाव लाकडाची! बारा मिलिमीटर जाडीच्या पेनाचा घेर सुमारे 38 मिलिमीटर. तो शेकडा तीन आकसायला निघाला असे धरा. म्हणजे एक मिलिमीटरहून जास्त झाले. आत पितळ हटत नाही, तेव्हा लाकूड तरी काय करणार? फाटणार.

श्रावणातले लाकूड कार्तिकात मला वाळलेले वाटले, कारण हाताला कोरडे लागत होते. हाताचा यात काही उपयोग नाही. उपयोग आहे तो तराजूचा. तुकडा दर आठवड्याला तोलावा. वजन उतरायचे थांबले की समजावे, तेथल्या हवेपुरता तो वाळला. ‘तेथल्या हवेपुरता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, बरे का. कोकणच्या दमट हवेत वर्षभर वाळवलेले लाकूडसुद्धा नागपूरच्या उन्हाळ्यात पुन्हा आकसेल.

म्हणून मी उरलेले चार तुकडे आक्काकडेच पाठवून दिले. त्यांच्या टोकांना मेण लावले होते, कारण पाणी टोकांतून सर्वांत लवकर निघून जाते आणि तेथेच पहिली चीर पडते. आक्काने ते कपाटावर सावलीत ठेवले आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून मला आकडे कळवू लागली. चारही मिळून 64 ग्रॅम. मग 61. मग 59. ज्येष्ठात 57 वर येऊन तीन रविवार तेथेच. पाऊस सुरू झाला आणि तिचा फोन: “तुझी लाकडं पाणी प्यायली की रे! 59 झाली!” लाकूड तोडले तरी हवेशी त्याचे देणेघेणे संपत नाही, हे मी पुस्तकात वाचले होते; खरे पटले ते या दोन ग्रॅमनी. वजन पुन्हा खाली आल्यावर पौषात मी तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून घरी आणले. मेण असूनही एकाला चीर गेलीच होती. उरले तीन. पेनाला दोन लागतात.

भोक पाडताना एक गेला. घाई केली नव्हती, निष्काळजीपणा केला. ड्रिल खोल जाऊ लागले की भुसा आत कोंडतो, पाते तापते आणि लाकूड आतून फुटते. पाते वारंवार बाहेर काढून भुसा झाडावा लागतो. पहिल्या दोन तुकड्यांत मी ते केले. तिसऱ्याच्या वेळी दारात कोणीतरी हाक मारली. असो.

राहिलेल्या दोघांत नळ्या डकवल्या. नळीला आधी काच कागदाने खरवडून घ्यावे, म्हणजे सरस धरतो. टोके नळीशी काटकोनात सपाट केली. मग दोन्ही तुकडे लेथच्या सळईवर चढवले आणि गोल पटाशीने कोपरे उडवले. पिवळ्या ढलप्यांचा वास आला आणि परस आठवले. पटाशीला धार असेल तर लाकूड फितीसारखे सुटते. धार नसेल तर त्याची पूड होते. आवाजावरूनही कळते. टोकाशी पोहोचल्यावर नळीवर लाकूड उरते जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. तेथे श्वास रोखून काम करावे.

पण श्वासावरून आठवले. तोंडाला जाळी किंवा मुखवटा आणि डोळ्यांना चष्मा हवाच. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण होते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये जाहीर केले आहे. सैल बाह्या, उपरणे, गळ्यातला गोफ यांना लेथपाशी थारा देऊ नये.

घासण्याचे काम कंटाळवाणे आहे, आणि पेनाचे सौंदर्य तेथेच ठरते. काच कागद 150 नंबरापासून सुरू करावा आणि 240, 320, 400 करीत 600 पर्यंत जावे. नंबर गाळू नये. गाळलात तर जुने ओरखडे पॉलिशखाली दिवाळीतल्या दिव्यासारखे उजळून दिसतात! प्रत्येक नंबरानंतर लेथ थांबवून रेषेच्या दिशेने हाताने एक फेर घासावा आणि धूळ पुसावी.

शेवट पॉलिशचा. हल्ली झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे थर देऊन काचेसारखी चकाकी आणतात. ती टिकाऊ असते, हे खरे. मला मात्र ते बोटांना लाकूड वाटत नाही, बरणीचे झाकण वाटते. मी चपडा लाखेवर आहे. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात तिचीच ही पातळ पापडी; स्पिरिटमध्ये विरघळते. फिरत्या पेनावर पातळ हात द्यावा, घर्षणाच्या उबेने तो चटकन सुकतो. लावायला कापड घेऊ नका, कागदच घ्या. कापड सळईत अडकले तर बोट ओढून नेते, कागद फाटून मोकळा होतो. लाखेला घाम फारसा मानवत नाही, म्हणून वर मेणाचा हात. कोणी जवसाचे तेल लावतात. त्यांनी तेलाची फडकी बोळा करून टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेतात. ती उलगडून वाळत घालावीत.

हे सारे थर ओल येण्याजाण्याची गती मंदावतात, ती बंद करीत नाहीत. म्हणून पॉलिशवर भिस्त ठेवून ओले लाकूड कोणी वापरू नये. माझ्या पहिल्या पेनाला पॉलिश होतेच की!

दुसरे पेन नागपूरला गेले त्याला आता दोन वैशाख उलटले. भेग नाही. हळदीचा पिवळा रंग उजेडाने तांबूस होत चालला आहे. फणस तसा होतोच. आक्का ते पत्रांसाठी ठेवते. वाणसामानाची यादी मात्र अजून दोरा गुंडाळलेल्या पेनानेच करते. दोऱ्यामुळे बोट घसरत नाही, असे तिचे म्हणणे आहे.