होकाराची किंमत

श्रोतेहो, एखादी गोष्ट स्वीकारण्यासाठी आपल्या मराठीत शब्द किती आहेत ते पाहा. लग्नाच्या बोलण्यात मुलाकडून रुकार येतो. पंचांसमोर माणूस चूक कबूल करतो. वडीलधाऱ्यांचे म्हणणे आपण मान्य करतो, जोखीम पत्करतो, व्रत अंगीकारतो, आमंत्रण स्वीकारतो. पूर्वी दरबारात अवघड कामगिरीसाठी विडा ठेवीत. ज्याने तो उचलला त्याने तोंडातून शब्द न काढता ते काम अंगावर घेतले, असे सारे समजत. पेढीवरचा व्यापारी मात्र हुंडी ‘सकारतो’, आणि सकारायची नसली तर ‘नकारतो’.

इतके शब्द कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, प्रत्येक होकाराचे ओझे सारखे नसते. ‘येतो हं संध्याकाळी जेवायला’ असे म्हणून तुम्ही गेला नाहीत, तर यजमान रुसेल. पण कोर्टाची पायरी चढणार नाही. तोच ‘हो’ तुम्ही सौद्यात म्हटलात किंवा कर्जाच्या कागदावर लिहून दिलात, की त्याला निराळे वजन येते. आपला घोटाळा होतो तो इथेच. घरातला सैल होकार आपण बाजारात आणि बँकेत घेऊन जातो. तेव्हा होकाराचे वजन कुठे, कसे वाढते, एवढेच आज पाहू.

आपल्याकडे कराराचा कायदा १८७२ सालापासून आहे. तो म्हणतो की, एकाने प्रस्ताव मांडला आणि दुसऱ्याने त्याला संमती कळवली, म्हणजे प्रस्ताव स्वीकारला गेला. आणि स्वीकारलेला प्रस्ताव म्हणजे वचन. मात्र हा स्वीकार निखळ आणि बिनशर्त हवा. बैलबाजारातले उदाहरण घ्या. विकणारा म्हणाला, ‘जोडी ८० हजारांना देतो.’ तुम्ही म्हणालात, ‘घेतली, पण ७५ हजारांना, आणि निम्मे पैसे दिवाळीला.’ तुम्हाला वाटते, आपण हो म्हटले. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही नाही म्हटले, आणि स्वतःचा नवा प्रस्ताव मांडला. मूळ प्रस्ताव तिथेच संपला. विकणाऱ्याने जोडी तिसऱ्याला दिली, तर तुम्हाला तक्रारीला जागा नाही. ‘हो, पण’ हा कायद्यात होकार नव्हे.

दुसरी गोष्ट मौनाची. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन आपल्या तोंडी सहज येते. इंग्लंडात १८६२ साली एका घोड्यावरून एक खटला झाला. काका आपल्या पुतण्याचा घोडा घेणार होता. पण किमतीबद्दल दोघांची समजूत वेगळी निघाली. काकाने पत्र लिहिले की, ‘फरक निम्मा करू. तुझ्याकडून काही कळले नाही, तर ३० पौंड १५ शिलिंगांना घोडा माझा झाला असे मी समजतो.’ पुतण्याने उत्तर पाठवले नाही. तो घोडा लिलावातून बाजूला ठेवा असे त्याने लिलाव करणाऱ्याला सांगितले होते. पण त्या गृहस्थाने चुकून घोडा विकून टाकला. काका कोर्टात गेला आणि हरला. पुतण्याच्या मनात द्यायचे होते हे खरे, पण तसे त्याने काकाला कळवलेच नव्हते. आणि ‘बोलला नाहीस तर तुझा होकार धरीन’ अशी अट एकाने दुसऱ्यावर लादता येत नाही. हे तत्त्व आपल्या न्यायालयांनीही मानले आहे.

आता जरा घराकडे वळू. पाहुणे येतात, चहा होतो, आणि मुलीचे मत विचारले तर घरातले वडील सांगतात, ‘तिचं काय, ती गप्प आहे म्हणजे राजीच आहे.’ अहो, मालकाच्या मौनावरून एक घोडासुद्धा दुसऱ्याचा होत नाही. मग लेकीच्या मौनावरून तिचा जन्म कसा द्यावा? ती गप्प असेल ती लाजेने, भीतीने किंवा तुमच्या मानापायी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही जबरदस्तीने किंवा फसवून मिळवलेल्या संमतीचे लग्न रद्द ठरवून घेण्याची वाट ठेवली आहे. पण कोर्टापर्यंत जायची वेळ कशाला आणावी? एकदा तिला एकटीला विचारा, आणि ‘नाही’ म्हणायची मोकळीक देऊन विचारा. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला अर्थ नसतो.

तिसरी गोष्ट, होकार पोहोचण्याची. पत्राने होकार दिला आणि पत्र पोस्टात पडले, की प्रस्ताव मांडणारा बांधला जातो. तुम्ही मात्र ते पत्र त्याला मिळेपर्यंत मोकळे असता. पत्र पोहोचण्याआधी तुमचा नकार त्याच्याकडे पोहोचला, तर तुम्ही सुटलात. टेलिफोनचे काय? हा प्रश्न आपल्या विदर्भातल्या खामगावातूनच निघाला. १९५९ साली अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी खामगावच्या एका जिनिंग कारखान्याशी टेलिफोनवरून सरकीच्या पेंडीचा सौदा केला. पुढे तंटा झाला. अहमदाबादवाले म्हणाले, करार अहमदाबादला झाला, दावा तिथेच चालावा. खामगावकर म्हणाले, आम्ही हो म्हणालो ते खामगावात, म्हणून करार खामगावचा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६५ साली बहुमताने निर्णय झाला की, टेलिफोनवरचा होकार जिथे ऐकू येतो तिथे करार पुरा होतो. म्हणजे करार अहमदाबादचा. एका न्यायमूर्तींचे मत मात्र वेगळे पडले. यातला बोध साधा आहे. तोंडातून निघालेला शब्द जिथे पोहोचतो, तिथे तो आपल्याला बांधू शकतो.

आता पैशाच्या व्यवहाराकडे येऊ. पुष्कळांना वाटते की, समोरच्याने पैसे घेतले म्हणजे आपले म्हणणे स्वीकारले. नेहमीच तसे नसते. आंध्रातील एका गृहस्थांनी डिसेंबर १९६० मध्ये ५० हजार रुपयांच्या आयुर्विम्याचा प्रस्ताव भरला आणि पहिल्या हप्त्याचे पैसेही दिले. १२ जानेवारी १९६१ रोजी ते वारले. तोपर्यंत विमा महामंडळाकडून स्वीकृती आलेली नव्हती. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हप्ता घेणे किंवा ठेवून घेणे म्हणजे प्रस्ताव स्वीकारणे नव्हे. म्हणून हप्त्याची पावती घेऊन स्वस्थ बसू नका. स्वीकृतीचा कागद हाती आला का, तो पाहा.

हुंडीचा दाखला तर फार बोलका आहे. १८८१ च्या कायद्याप्रमाणे विनिमयपत्र, म्हणजे आपल्या हुंडीचा कायदेशीर भाऊ, ज्याच्या नावावर काढले असेल त्याने सही करून स्वीकारेपर्यंत त्या कागदापायी तो एक पैसाही देणे लागत नाही. विचार करायला त्याला ४८ तास मिळतात, आणि सुटीचा दिवस त्यात धरीत नाहीत. पण एकदा सही केली, की मुख्य देणेकरी तोच. तो कागद पुढे कोणी प्रामाणिकपणे पैसे मोजून घेतला असेल, तर ‘मला मिळालेला माल वाईट निघाला’ ही सबब त्या धारकापुढे चालत नाही. पाहा, लाखाची उलाढाल करणाऱ्या सावकारालाही कायद्याने दोन दिवसांची उसंत दिली. आणि आपण मात्र ओट्यावर उभ्या उभ्या सही करून मोकळे होतो!

असाच उभ्या उभ्या दिलेला होकार म्हणजे जामीनकी. शेजारी येतो आणि म्हणतो, ‘दादा, नुसती सही पाहिजे. पैसे मीच फेडणार आहे.’ शेजारधर्म म्हणून आपण सही करतो. आपल्याला वाटते, ही ओळख पटवण्याची सही. कायदा म्हणतो, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. कर्जदाराला आधी गाठून मगच जामीनदाराकडे यावे, असे बंधन सर्वसाधारणपणे पतसंस्थेवर किंवा बँकेवर नसते. तुम्ही ओळख दिली नाहीत, कर्ज पत्करले आहे. शेजाऱ्याला मदत जरूर करा. पण तेवढी रक्कम आपल्या पदरची गेली तर घर कसे चालेल, याचा हिशेब कारभारणीबरोबर बसून आधी करा. कोऱ्या वचनचिठ्ठीवर तर सही करूच नका. मुद्रांकित कोरा कागद सही करून हाती दिलात, की तो भरण्याचा अधिकारही तुम्ही दिलात, असे सकृद्दर्शनी धरले जाते.

आता होकार मोबाईलवर आला आहे. ‘मला अटी मान्य आहेत’ या ओळीशेजारच्या चौकोनात बोट टेकले, की झाले. तो करार केवळ यंत्रावर झाला म्हणून फोल ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. झटपट कर्ज देणाऱ्यांच्या अटींत व्याज किती, शुल्क किती, आपल्या फोनमधली कोणती माहिती त्यांच्या हाती जाते, हे सारे त्या एका बोटाखाली असते. आणि फोनवर आलेला सांकेतिक आकडा कोणी मागितला, तर तो देणे म्हणजे आपली सहीच परक्याच्या हाती देणे आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती करतो. बँकेचा, विम्याचा, पतसंस्थेचा एखादा छापील अर्ज वरच्या इयत्तेच्या वर्गात न्या आणि मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. अशा कागदांवर सहीच्या जागेजवळ पुष्कळदा छापलेले असते की, मी हे वाचले, मला समजले, मला मान्य आहे. या तीन गोष्टी निराळ्या आहेत, आणि त्यांचा क्रमही तोच आहे, हे मुलांना दाखवून द्या. पोरे घरी जाऊन बापाला विचारतील, ‘बाबा, सही केलीत, पण वाचलंत का?’ तो प्रश्न बापाला थोडा झोंबेल. झोंबू द्या. त्या एका प्रश्नाने एखाद्या घराचे शेत वाचू शकेल.