ताण मनातच राहत नाही



संयोजकांनी मला 'ताण आणि आरोग्य' हा विषय दिला, तेव्हा मी म्हटलं, ''अरे, मी सॉफ्टवेअरवाली. आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत की!'' उत्तर आलं, ''म्हणूनच. तू आम्हाला कळेल असं सांगशील.'' तर जे वाचलं आणि समजलं, तेवढंच सांगते.

सकाळपासून पाहतेय, शाळेच्या आठवणी संपल्या की गप्पा घरच्या आजारपणावर येतात. कुणाचे वडील अंथरुणाला खिळलेत, कुणाच्या सासूबाईंना काही आठवत नाही. माझ्या आईलाही चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. ''आणि तू कशी आहेस?'' विचारलं की उत्तर ठरलेलं : ''थोडं टेन्शन असतं, बाकी ठीक.''

या 'थोड्या टेन्शन'चं मोजमाप झालेलं आहे. अमेरिकेत ओहायो इथे जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची काळजी घेणाऱ्या १३ स्त्रिया निवडल्या. तुलनेसाठी त्याच वयाच्या, पण ही जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम केली. काळजी घेणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. हा अभ्यास १९९५ सालचा.

असं का होतं? जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते. हा दाह. तो शत्रू नाही, दुरुस्तीचं काम आहे. पण काम झालं की ते थांबायला हवं. 'आता पुरे' हा निरोप देणाऱ्यांपैकी एक म्हणजे कॉर्टिसॉल, ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक.

आमच्या कामात सर्व्हर बिघडला की फोनवर अलर्ट वाजतो. एकदा वाजला तर माणूस झोपेतून उठून धावतो. रात्रंदिवस वाजत राहिला, तर हळूहळू कुणी लक्षच देत नाही. कॉर्टिसॉलचंही तसंच होतं. ताण महिनोन् महिने टिकला की पेशी त्याचा निरोप ऐकेनाशा होतात. मग दाह हवा तिथे वेळेवर होत नाही आणि नको तिथे धुमसत राहतो.

शेल्डन कोहेन यांच्या गटाने २०१२ साली हे दाखवलं. २७६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला. जे दीर्घ ताणात होते, त्यांच्या पेशी कॉर्टिसॉलला कमी दाद देत होत्या, आणि अशांना सर्दी होण्याची शक्यता जास्त होती.

सर्दी जाते हो, पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला दाह जात नाही. २०१७ साली हार्ट अटॅक येऊन गेलेल्या सुमारे १०,००० रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. कोलेस्टेरॉल न घटवता फक्त दाह कमी करणाऱ्या औषधाने पुढचे हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. पण त्याच औषधाने जीवघेण्या जंतुसंसर्गाचा धोका वाढला. म्हणजे दाह पुरता विझवूनही चालत नाही.

दोन गोष्टी मात्र आवर्जून सांगते. आजारी माणसाला ''तू टेन्शन घेतलंस म्हणून हे झालं'' असं कधीही म्हणू नका. आजाराला अनेक कारणं असतात. ताण त्यातलं एक. आणि ध्यान, प्राणायाम जरूर करा, पण बीपीची गोळी त्यासाठी बंद करू नका.

राहिला उपाय. झोप, चालणं, वेळेवर जेवण हे सगळ्यांना माहीत आहे. पण जिची आई रात्री तीनदा उठते, तिला ''आठ तास झोप'' सांगून काय उपयोग? तिला कुणीतरी सुटी द्यायला हवी. माझी मावशी दर रविवारी दुपारी आईजवळ येऊन बसते. ते तीन तास मी नुसती झोपते. सोमवारी मी वेगळी माणूस असते.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज फुलांची चित्रं आणि सुप्रभात येतात. येऊ देत. पण एकाच गावात राहणाऱ्यांनी एकमेकांना एवढं विचारा : ''या आठवड्यात दोन तास मी काकूंजवळ बसू का?'' आणि कुणी विचारलं, तर ''नको गं, कशाला'' म्हणू नका. दिवस आणि वेळ सांगा.