कामावरचा लेखक



चालक मंडळी आमच्याकडे आली ती कामगार-कायद्यावर व्याख्यान मिळेल अशा अपेक्षेने. आम्ही 'लेखकांच्या मुलाखती' हा विषय सांगितला तेव्हा त्यांनी एकमेकांकडे पाहिले. ते साहजिकच होते. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही वाचन झाले ते रात्रपाळीनंतर, शब्दकोश मांडीवर घेऊन झाले. साहित्यावर अधिकाराने बोलणारी थोर माणसे या व्यासपीठावर येऊन गेली आहेत, त्यांच्या पंक्तीला बसण्याची आमची इच्छा नाही. परंतु लेखक हाही काम करणारा माणूस आहे, आणि माणसाला त्याच्या कामाविषयी प्रश्न कसे विचारावेत एवढे मात्र तीस वर्षांच्या युनियनच्या धंद्याने आम्हांला शिकवले आहे.

पंचवीसएक वर्षांपूर्वी जुन्या बाजारात 'रायटर्स ॲट वर्क' या नावाची दोन इंग्रजी पुस्तके आमच्या हाती लागली. 'वर्क' या शब्दावर भाळून आम्ही ती घेतली. आत कामगारांविषयी काही असेल असे वाटले. घरी येऊन पाहतो तो सगळ्या लेखकांच्या मुलाखती! 'पॅरिस रिव्ह्यू' नावाचे एक त्रैमासिक १९५३ साली निघाले. पहिल्याच अंकात त्यांनी ई. एम. फॉर्स्टर यांची मुलाखत छापली आणि पुढे तो प्रघातच पडला. त्या मुलाखतींचे हे संग्रह. मोठमोठ्या लेखकांना या मुलाखतकारांनी काय विचारावे? तुम्ही किती वाजता उठता, पेन्सिलीने लिहिता की टंकयंत्रावर, दिवसाला किती शब्द होतात, एक पान किती वेळा फाडता. आम्हांला ती पुस्तके खाली ठेववेनात.

याचे कारण सांगतो. कामगारावर चार्जशीट आली की खातेचौकशीत त्याच्या वतीने आम्हांला बसावे लागते. त्याची जबानी आधी आम्ही घेतो. "तुझ्यावर अन्याय झाला का?" असे विचारले की माणूस भाषण करू लागतो. तेच "पाळी किती वाजता लागली? यंत्र कोणाकडून ताब्यात घेतलेस? त्या वेळी शेजारी कोण होते?" असे विचारत गेले की सत्य आपोआप बाहेर येते, कधीकधी तर त्याच्या मनात नसतानाही येते. लेखकांचेही असेच आहे. प्रतिभा म्हणजे काय, असे विचारले की ते गोल गोल बोलतात. पेन्सिलीविषयी विचारले की खरे बोलतात.

हेमिंग्वेची मुलाखत १९५८ सालची, जॉर्ज प्लिम्प्टन यांनी घेतलेली. हेमिंग्वे तेव्हा क्यूबात, हवानाजवळ राहत असे. हा गृहस्थ उभ्याने लिहीत असे. छातीइतक्या उंचीच्या पुस्तकांच्या कपाटावर त्याचे टंकयंत्र. पण लेखनाची सुरुवात पेन्सिलीने आणि पातळ कागदावर. उजाडले की काम सुरू. आणि भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्याखाली, खोक्याच्या पुठ्ठ्यावर केलेला एक तक्ता. त्यात रोजच्या शब्दांची नोंद: ४५०, ५७५, ४६२, १२५०, ५१२. हा तक्ता वाचून आम्ही खुर्चीतून उठलोच. हे तर आमचे मस्टर! मधला तो १२५० चा आकडा पाहा. दुसऱ्या दिवशी समुद्रावर मासेमारीला जायचे असेल तर मनाला रुखरुख नको म्हणून तो आदल्या दिवशी जादा काम ओढून ठेवी. मीटरवर मजुरी मिळवणारा आपल्या गावचा विणकर जत्रेच्या आदल्या दिवशी याहून वेगळे काय करतो?

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच तो त्या दिवसाचे काम थांबवी, म्हणजे सकाळी आल्याबरोबर हात चालू होई. चांगला विणकर पाळी सुटताना माग बंद पाडून जात नाही, चालता माग दुसऱ्याच्या हाती देतो. इथे दुसऱ्या पाळीलाही तोच माणूस येणार, एवढाच फरक.

'अ फेअरवेल टू आर्म्स' या कादंबरीचा शेवट आपण ३९ वेळा लिहिला, असे त्याने त्या मुलाखतीत सांगितले. अडचण कसली होती, असे विचारल्यावर त्याचे उत्तर एवढेच, की शब्द नीट बसत नव्हते. लेखक मंडळी असे आकडे फुगवून सांगत असतील, अशी शंका आम्हांला होती. पुढे २०१२ साली त्या कादंबरीची नवी आवृत्ती निघाली, तीत त्याच्या कागदपत्रांतले निरनिराळे शेवट छापले आहेत. ते भरले ४७! आपले काम कमी करून सांगणारा कामगार आम्ही तीस वर्षांत फारसा पाहिला नाही.

मुलाखत म्हणजे तोंडून निघाले ते तसेच छापले, असे मात्र कोणी समजू नये. हेमिंग्वेने पुष्कळ उत्तरे लेखनाच्या फळीवर स्वतः लिहूनच दिली. त्या त्रैमासिकाची रीतही अशी, की मजकूर लेखकाला दाखवावा, त्याने दुरुस्त्या कराव्यात आणि मग छापावा. आमच्या चौकशीतही जबानी वाचून दाखवतात आणि मग सही घेतात. फरक असा, की आमचा माणूस सही करताना एखादी ओळ खोडा म्हणाला तर चौकशी-अधिकाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात.

आता फॉकनरकडे वळतो. आज इथे उभे राहण्याचे खरे कारण तोच आहे, आणि त्यात आमची एक चूकही सांगायची आहे.

विल्यम फॉकनर हा अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याचा, ऑक्सफर्ड या लहान गावात राहणारा. १९४९ सालचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. त्याची मुलाखत जीन स्टाइन यांनी १९५६ साली घेतली. तीत तो म्हणतो, की 'ॲज आय ले डाइंग' ही कादंबरी आपण सहा आठवड्यांत लिहिली, आणि तीही रोज बारा तासांचे अंगमेहनतीचे काम सांभाळून उरलेल्या वेळात. हे वाचून आमच्या अंगावर रोमांच आले. पुढे कळले, की ते काम विद्यापीठाच्या वीजघरातले, रात्रपाळीचे. हस्तलिखितावर तारखा आहेत: आरंभ २५ ऑक्टोबर १९२९, शेवट ११ डिसेंबर. न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळू लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी हा मनुष्य रात्रपाळीला कादंबरी लिहायला बसतो!

त्याच मुलाखतीत त्याने असेही सांगितले, की लेखकाला आर्थिक स्वातंत्र्य लागत नाही, पेन्सिल आणि थोडा कागद एवढे पुरे. हे वाक्य मालकांच्या हाती पडले असते तर त्यांनी चौकट करून कचेरीत लावले असते. आम्ही ते सोयीस्करपणे गाळले आणि रात्रपाळीची गोष्ट तेवढी उचलली. अभ्यासवर्गात, गेट मीटिंगमध्ये, जिथे पोरे वाचनाला वेळ नाही म्हणत तिथे ती ऐकवली. बॉयलरपाशी कोळसा ओढणारा माणूस नोबेलपर्यंत गेला, तुम्हांला काय झाले? पुष्कळ वर्षे आम्ही हे सांगत होतो.

एका अभ्यासवर्गात कापड-प्रोसेसिंगच्या एका कारखान्यातला बॉयलर अटेंडंट बसला होता. तिशीचा, अबोल. वर्ग संपल्यावर तो मागे थांबला आणि म्हणाला, "दादा, एक विचारू? तो माणूस बारा ते चार लिहीत होता म्हणता. मग त्या वेळात काचेतलं पाणी कोण बघत होतं? कोळसा कोण टाकत होता?" आम्ही म्हणालो, "वाफ कमी लागत असेल रात्री." तो म्हणाला, "कमी लागली तरी आग सोडून बसता येत नाही, दादा. मी बघितलंय बसून." त्याने बॉयलरपाशी एक वही ठेवली होती. आमच्या गोष्टीवर भरवसा ठेवून सहा महिने प्रयत्न केला, आणि अर्धे पानही धड झाले नाही. दोष आपल्यातच आहे, असे त्याने ठरवून टाकले होते.

त्या प्रश्नाने आम्हांला झोप लागली नाही. पुढे सवडीने शोध घेतला. १९३२ साली दुसऱ्या एका कादंबरीच्या प्रस्तावनेत फॉकनरने ही हकीकत सविस्तर सांगितली आहे. आपण ढकलगाडीने कोळसा आणून टाकीत होतो, आगीत घालणारा फायरमन वेगळा होता. गावाने दिवे मालवले की वाफ कमी लागे, फायरमन खुर्चीत डुलकी घेई आणि आपण ढकलगाडी उपडी करून तिचे टेबल करीत असू. एकही शब्द बदलला नाही, असेही तो तिथे म्हणतो. आता त्याचे चरित्रकार काय सांगतात ते ऐका. तो तिथे देखरेखीला होता. कोळसा ओढायला दोन काळे मजूर होते. आणि हस्तलिखितात खाडाखोडही आहे.

म्हणजे आमच्या बॉयलरवाल्याचा प्रश्न बिनचूक होता. जी गोष्ट विद्वानांना कागदपत्रे चाळून काढावी लागली, ती त्याला धंद्याच्या माहितीवर एका क्षणात दिसली. फॉकनर थापाड्या होता असे आम्ही म्हणत नाही. सत्तेचाळीस रात्रींत अशी कादंबरी लिहिणे हे देखरेखीच्या खुर्चीवर बसूनही सोपे नव्हे. पण फावडे दुसऱ्याच्या हातात होते, आणि त्या दोघांची मुलाखत घ्यायला कोणी गेल्याचे आम्हांला आढळले नाही.

तेव्हापासून आम्ही सगळ्या मुलाखती पुन्हा वाचल्या, एकच प्रश्न मनात धरून: आगीत कोळसा कोण टाकत होते? गाब्रिएल गार्सिया मार्केझ याने प्लिनियो मेंडोझा या आपल्या मित्राशी केलेल्या संभाषणांचे पुस्तक १९८२ साली निघाले. वृत्तपत्राच्या कचेरीत रात्री सगळे गेल्यावर तो लिहीत बसे. लायनोटाइप यंत्रांचा आवाज त्याला पावसासारखा वाटे, आणि तो थांबला की हातही थांबे. कारखान्यात झोपलेल्या कोणालाही हे पटेल. पण १९६७ सालच्या त्या प्रसिद्ध कादंबरीसाठी तो अठरा महिने घरी बसला, तेव्हा खाटकाकडून उधारीवर मांस आणणारी, घरमालकाला भाड्यासाठी महिनोन्‌महिने थोपवून धरणारी त्याची पत्नी मेर्सेदेस होती. हे त्याने स्वतः, न विचारता सांगितले. आमच्या मनातून त्याची किंमत वाढली.

टोनी मॉरिसन यांची मुलाखत १९९३ सालची. ही बाई प्रकाशनसंस्थेत दिवसभराची नोकरी करीत होती आणि दोन मुलगे एकटीने वाढवीत होती. मुले उठून 'आई' म्हणण्याच्या आत जे होईल ते लेखन. म्हणून अंधारात उठायचे, कॉफी करायची आणि उजाडताना पाहत बसायचे. मुले मोठी झाली तरी सवय सुटली नाही. इथे कोळसाही तिचाच आणि फावडेही तिचेच होते.

आमच्या अण्णाभाऊ साठ्यांनाही हे विचारायला हवे होते. दीड दिवस शाळा पाहिलेला, मुंबईच्या गिरणीत राबलेला, घाटकोपरच्या चिरागनगरात राहणारा माणूस लिहिताना कुठे बसत होता आणि चूल कोण पेटवत होते? पण ते १९६९ साली गेले, आमच्या जन्माआधी.

असो. फॉकनरची खरी हकीकत हाती आली तेव्हा आम्ही त्या बॉयलरवाल्याला शोधत गेलो. तो दुसऱ्या कारखान्यात लागला होता. आम्ही सगळे सांगितले आणि आमचे चुकले असेही म्हणालो. तो ऐकून हसला. "म्हणजे दोघे होते होय कोळशाला," एवढेच बोलला. वहीचे काय केलेस, असे विचारले तर म्हणाला, पोराला गणिताला दिली, पुढची पाने कोरीच होती.

पुढच्या खेपेला आम्ही त्याला एक नवी वही नेऊन दिली. तिच्यात काही लिहिले की नाही, हे आम्ही अजून विचारलेले नाही.