नखी बोटावर टिकते कशी?

मी चेन्नईहून बोलतोय आणि आजचा विषय बोटाच्या पेराएवढा आहे: वाजवताना बोटातली नखी का निसटते आणि तिला जागेवर ठेवायचं कसं. चिमटीत धरायची तिकोनी पिक आज बाजूला ठेवू. बोटात घालायची जी असते, म्हणजे सतारीची तारेची नखी, वीणेची नखी आणि आडव्या गिटारचे फिंगरपिक, त्या सगळ्यांना मी नखीच म्हणणार आहे. मराठीत इतका चांगला शब्द असताना दुसरा कशाला शोधायचा?

आडवी गिटार म्हणजे मांडीवर ठेवून, तारांवर लोखंडी कांडी सरकवत वाजवतात ती. ब्रिजभूषण काबरांनी ती आपल्या रागसंगीतात आणली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार आणि हरिप्रसादांच्या जोडीला जी गिटार ऐकू येते, ती त्यांची. पुढे विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेने १९९४ मध्ये ग्रॅमी मिळवलं.

पण चेन्नईत तुम्ही ही गिटार कुणाला दाखवलीत, तर तो म्हणेल, हे तर आमचं गोट्टुवाद्यम, म्हणजे चित्रवीणा! बरोबरच आहे. पडदे नसलेली वीणा, डाव्या हातात सरकती कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. आणि हे वाद्य मैफलीत पुन्हा उभं करण्याचं मोठं श्रेय ज्यांना देतात, ते तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव. नावावरूनच ओळखलं असेल तुम्ही, तंजावरकडचे मराठी. सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यर हे गायकीतलं केवढं मोठं नाव, तेही काही काळ त्यांच्याकडे शिकले. व्यंकोजीराजांबरोबर तिकडे गेलेली मराठी माणसं कुठेकुठे पोचली, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आता बोटाकडे या. तर्जनी समोर धरून पाहा. शेवटच्या सांध्यापासून टोकापर्यंत बोट निमुळतं होत जातं. बाजारातली पितळी किंवा जर्मन सिल्व्हरची नखी मात्र बहुतेक वेळा नळीसारखी सरळ वळवलेली असते. ती घातली की तिचे दोन कान मागच्या कडेला बोटात रुततात आणि पुढे फट राहते. म्हणजे दुखतंही आणि सुटतंही! मग आपण काय करतो? पकड घेतो आणि आणखी आवळतो. टोक जांभळं पडतं, दहा मिनिटांत बधिर होतं, आणि नखी तरीही फिरतेच. घट्टपणा कमी पडलेला नसतो, आकार चुकलेला असतो.

म्हणून कान आवळायचे ते पुढच्या कडेला. मागची कड बोटाच्या जाडीइतकी मोकळी ठेवायची. शंकूवर शंकू बसला की सगळीकडे सारखा टेकतो, आणि सारखा टेकलेला पट्टा हलक्या दाबातही धरून ठेवतो. दोन्ही कानांची टोकं नखाच्या मुळावर टोचू देऊ नका, तिथली कातडी नाजूक असते.

दुसरी गोष्ट पात्याची. बोट तळव्याकडे ओढलं की तार पात्याच्या टोकाला उलट, नखाच्या बाजूला ढकलते. टोक जितकं पुढे आलेलं, तितकी तरफ लांब, तितका पट्टा उचकटायला सोपा. दोन-तीन मिलिमीटर पुढे आलं तरी पुष्कळ झालं. पातं बोटाच्या गोलाईबरोबर थोडं वर वळवलंत तर परत जाताना ते शेजारच्या तारेत अडकत नाही. मैफलीत नखी उडून पहिल्या रांगेत जाते ती बहुतेक वेळा या परतीच्या वाटेवर.

वीणेत तर्जनी-मध्यमा आलटून पालटून एकाच दिशेने छेडतात, म्हणून तिथे हलकी तारेची नखी भागवते, काही जण तर स्वतःच्या नखांवरच वाजवतात. सतारीत ‘दा’ आत आणि ‘रा’ बाहेर, दोन्हीकडून मार. म्हणून सतारवाला नखी सांध्याजवळ घट्ट दाबून बसवतो आणि तिथे घट्टा पडतोच. गिटारवाल्याने त्याची नक्कल करू नये. त्याला दोन-तीन बोटं सांभाळायची असतात.

अंगठ्याची नखी बहुधा प्लास्टिकची. ती सैल असेल तर गरम पाण्यात थोडा वेळ बुडवा, मऊ झाली की अंगठ्याच्या जाडीच्या लाकडी दांड्यावर वळवा आणि तशीच गार पाण्यात धरा. मेणबत्तीवर किंवा गॅसवर अजिबात नको. काही नख्या सेल्युलॉइडच्या असतात आणि सेल्युलॉइड भकन पेटतं.

आता चेन्नईचा खास त्रास. इथे घाम बाराही महिने. मार्गळीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, संगीताचा हंगाम असतो आणि मोठ्या सभागृहांत एसी जोरात. बाहेर रिक्षातून उतरताना बोट फुगलेलं आणि ओलं, आत तासाभराने तेच बोट गारठून बारीक. अंगठी सैल होते ना थंडीत, तसंच. घरी मापात बसलेली नखी आलापात ठीक असते आणि झाल्याला फिरते. नखी फिरेल अशी धास्ती बसली की माणूस बोट आकडी करून ठेवतो, मग मनगट आखडतं, आणि लय बिघडल्याचा दोष तबलजीच्या माथी जातो! म्हणून सभागृहात अर्धा तास आधी जा, हात कोरडे करा, तिथल्या हवेत बोट निवू द्या आणि शेवटचा दाब तिथेच द्या.

एवढं करूनही घामाने सरकत असेल तर पट्ट्याच्या आतून औषधाच्या दुकानातली कापडी चिकटपट्टी एक पदर लावा. किंवा राळ. कर्नाटक मैफलीत शेजारी व्हायोलिनवाले असतातच, त्यांच्याकडे राळेचा खडा मागा, कुणी नाही म्हणत नाही. फक्त आतल्या बाजूला, चिमूटभर. तारेवर गेली तर कांडी अडखळते. झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा सल्ला देणारे भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार करा. कातडी सोलून निघते आणि दुसऱ्या दिवशी त्याच बोटाने रियाज करायचा असतो.

एक राहिलंच. जादा संच जवळ ठेवता ना? तोही याच रीतीने बोटावर बसवून, तासभर वाजवून ठेवा आणि डबीवर बोटाचं नाव लिहा. तर्जनीची नखी मध्यमेला चालत नाही. अंधाऱ्या रंगमंचावर घाईत हात डबीत गेला की नेमकी तीच हाताला लागते.