कोंबड्यांचा मारेक रोग आणि पीटर बिग्ज यांचे संशोधन

अंड्यावर येण्याच्या बेतात असलेली तलंग एके दिवशी लंगडू लागते. पाहता पाहता तिचा एक पाय पुढे व दुसरा मागे ताणला जातो. खाद्य समोर असूनही तिला तेथवर पोहोचता येत नाही. काही पक्ष्यांचे बुबुळ करडे पडते. शवविच्छेदन केल्यास यकृत, प्लीहा, अंडाशय यांवर गाठी आढळतात. हा मारेक रोग होय. लुळेपणामुळे आपल्या परिचयाच्या मानमोडीशी त्याची गल्लत होण्याचा संभव असतो. परंतु मानमोडीचा विषाणू निराळा, आणि मारेकचा विषाणू हर्पिस कुळातील, म्हणजे माणसाच्या कांजिण्यांच्या विषाणूचा दूरचा नातलग आहे. माणसाला मात्र या रोगाची बाधा होत नाही.

बुडापेस्ट येथील पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ साली लुळ्या पडलेल्या चार कोंबड्यांचे प्रथम वर्णन केले. पुढे अर्धशतक लोटले तरी कारण हाती लागले नाही. मध्यंतरी कोंबड्या हजारोंच्या संख्येने एकत्र पाळल्या जाऊ लागल्या आणि नुकसान वाढत गेले. कोंबड्यांत गाठी निर्माण करणारा ल्युकोसिस नावाचा आणखी एक रोग होता. दोन्ही रोग एकाच नावाखाली नोंदले जात, त्यामुळे एकाच्या प्रयोगाचे निष्कर्ष दुसऱ्याला लावले जात.

हा गुंता सोडविण्याचे श्रेय पुष्कळ अंशी इंग्लंडमधील हॉटन कुक्कुट संशोधन केंद्राचे पशुवैद्यक-शास्त्रज्ञ पीटर बिग्ज यांच्याकडे जाते. १९२६ साली जन्मलेले बिग्ज १९५९ मध्ये या केंद्रात आले. दोन्ही रोग स्वतंत्र मानावेत व लुळेपणाच्या रोगाला मारेक यांचे नाव द्यावे, असे त्यांनी १९६१ च्या सुमारास मांडले. नुसते नाव बदलण्याची ही बाब कोणास किरकोळ वाटेल; पण पुढचे सारे काम तिच्यावरच उभे राहिले. ल्युकोसिस कोंबडीकडून अंड्यावाटे पिलात उतरतो. मारेक रोग तसा उतरत नाही. म्हणजेच पिलू निर्दोष जन्मते आणि बाधा त्याला बाहेरून होते.

बिग्ज व त्यांचे सहकारी पेन यांनी आजारी पक्ष्याच्या रक्ताने हा रोग निरोगी पिलांत उतरतो, हे १९६३ साली दाखविले. तथापि पेशी गाळून काढलेल्या द्रवाने रोग होईना. रोगकारक जिवंत पेशींना चिकटून राही, आणि म्हणूनच तो इतकी वर्षे निसटला होता. अखेर १९६७ साली चर्चिल व बिग्ज यांनी कोंबडीच्या मूत्रपिंडाच्या पेशींत तो वाढविला आणि तो हर्पिस कुळातील असल्याचे निष्पन्न झाले. पेशींना चिकटलेला हा विषाणू कळपात पसरतो तरी कसा, याचा उलगडा १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात झाला : पिसांच्या मुळाशी तो सुटा होतो आणि कोंड्याधुळीबरोबर उडतो.

हॉटन येथेच १९६९ मध्ये विषाणू निर्बल करून लस तयार झाली. पाठोपाठ अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी टर्की पक्ष्यातील निरुपद्रवी विषाणूची लस सिद्ध केली, आणि तीच जगभर रुळली. निसर्गतः होणाऱ्या कर्करोगावर लसीने मात केल्याचे हे पहिले उदाहरण. बिग्ज १९७४ ते १९८६ या काळात हॉटनचे संचालक होते. १९८९ चा कृषिविषयक वुल्फ पुरस्कार त्यांना विभागून मिळाला. २०२१ मध्ये ते निवर्तले.

लसीला एक मर्यादा आहे. ती गाठी व मृत्यू टाळते. विषाणूचा शिरकाव व प्रसार पूर्णपणे रोखत नाही. लसीकरणाच्या दशकांत अधिक उग्र विषाणू आढळू लागले, आणि अशा लसींच्या आश्रयाने अत्यंत उग्र विषाणूही पसरू शकतात, असे २०१५ साली प्रयोगांनी दाखविले. त्यातच संरक्षण निर्माण होण्यास काही दिवस लागतात. त्या अवधीत जुन्या कळपाची धूळ असलेल्या खोपट्यात पिले सोडली, तर उत्तम लसही अपुरी पडते. ही लस बहुधा द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते व विरघळविल्यावर अल्पावधीत टोचावी लागते. म्हणून ती उबवणी केंद्रातच, पहिल्याच दिवशी देण्याची पद्धत आहे.

तलंगा-वाटपाच्या योजनांत लाभार्थ्याच्या हाती येणारे पक्षी साधारणतः आठ-दहा आठवड्यांचे असतात. मारेक रोग पुष्कळदा बाराव्या आठवड्यानंतर, म्हणजे पक्षी घरी पोहोचल्यावर, प्रकट होतो. आणि तेव्हा त्यावर उपचार नसतो. पहिल्या दिवशीच्या लसीची नोंद गट स्वीकारतानाच पाहावी लागते.